दैनिक सोडू की ब्लॉग? एका तालुका वार्ताहराला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तुम्ही 6 वर्षं एका दैनिकाचे वार्ताहर आहात. मानधन पेट्रोलला पुरत नाही आणि वर्धापनदिनाच्या जाहिरातींचं टार्गेट दर वर्षी वाढतं. चार महिन्यांपूर्वी तुम्ही स्वतःच्या नावानं ब्लॉग सुरू केला. त्यावरच्या पीक विम्याच्या लेखानंतर जिल्हा कार्यालयातून फोन आला, "ब्लॉग ठेवा नाहीतर आमचं काम ठेवा." त्याच आठवड्यात ग्रामसेवकानं ग्रामपंचायतीचं दप्तर दाखवायला नकार दिला, "ब्लॉगवाल्याला पत्रकार कोण म्हणतं?" तुम्ही विचारताय की यातलं काय सोडू, आणि दैनिकाचं कार्ड गेल्यावर लोक माझ्यावर विश्वास का ठेवतील?

मी लातूर जिल्ह्यात 11 वर्षं तालुका वार्ताहर होते. नंतर 8 वर्षं छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर, म्हणजे वार्ताहरांच्या बातम्या तपासून छापायला सोडणाऱ्या टेबलावर, होते. 2015 मध्ये ती नोकरी सोडली आणि तेव्हापासून फक्त स्वतःच्या नावानं लिहिते. म्हणजे तुमच्या जागेवर मी बसलेली आहे, तुम्हाला फोन करणाऱ्या माणसाच्या जागेवरही बसलेली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही हा कार्डाचा प्रश्न समजताय. मला अडचण दुसरीकडे दिसते. दैनिक आपल्याला दोन गोष्टी देतं. पहिली म्हणजे नाव. तहसीलमध्ये, पोलीस ठाण्यात, मोंढ्यात ते चालतं आणि ते गेलं की लगेच जाणवतं. दुसरी गोष्ट असताना तिचा त्रास होतो, म्हणून ती गेल्याचं कुणाला कळत नाही. आपला मजकूर छापण्याआधी वाचणारा, आपल्याला अडवणारा दुसरा माणूस, ही ती गोष्ट. ब्लॉगवर तुम्ही लिहिता आणि तुम्हीच बटण दाबता. लोकांचा विश्वास बसेल की नाही, हे कार्डापेक्षा या मधल्या रिकाम्या जागेवर जास्त ठरतं.

तुमच्याच लेखावरून सांगते, तो तुम्ही सोबत जोडला होता. मथळा आहे, "पीक विम्यात तालुक्यात मोठा घोटाळा". आत तुम्ही काय दाखवलंय? खरीप 2024 मध्ये एकाच गावातल्या 17 शेतकऱ्यांना सोयाबीनच्या विम्याचे वेगवेगळे पैसे आले. कुणाच्या खात्यावर 3,200 रुपये, कुणाच्या खात्यावर 14,000, आणि बांधाला बांध असलेल्या दोन भावांपैकी एकाला काहीच नाही. हे काम चांगलं आहे. 17 जणांच्या घरी जाऊन पासबुकं बघणं कुणी सहज करत नाही. पण यातून सिद्ध होते ती तफावत. घोटाळा अजून सिद्ध झालेला नाही.

त्या हंगामात पैसे यायच्या वाटा एकापेक्षा जास्त होत्या, हे तुम्हालाही माहीत असेल. पाणी साचून पीक गेलं आणि शेतकऱ्यानं 72 तासांच्या आत विमा कंपनीला नुकसान कळवलं, यालाच पूर्वसूचना म्हणतात, तर त्याच्या शेताचा वेगळा पंचनामा होऊन त्याला वैयक्तिक भरपाई मिळू शकत होती. ज्यानं पूर्वसूचना दिली नाही, त्याच्यासाठी महसूल मंडळातले, म्हणजे काही गावांच्या गटातले, पीक कापणी प्रयोग आणि उंबरठा उत्पन्नाचा, म्हणजे काही शेतांतलं पीक कापून मोजलेलं उत्पन्न ठरलेल्या पातळीपेक्षा किती कमी आलं याचा, हिशोब उरत होता, आणि तो आकडा अख्ख्या मंडळाला एकच असतो. म्हणजे दोन सख्ख्या भावांपैकी एकाकडे मोबाईल होता, त्यानं तिसऱ्या दिवसाच्या आत ॲपवर फोटो टाकला. दुसरा पाचव्या दिवशी सेतू केंद्रात गेला. एवढ्यानंही एकाला पैसे आणि दुसऱ्याला शून्य होऊ शकतं. शिवाय आधार खात्याला जोडलेलं नसणं, पेऱ्यापेक्षा कमी क्षेत्राचा विमा भरलेला असणं, सामाईक गट असणं, ही कारणं वेगळीच.

घोटाळा म्हणायचं असेल तर पुढची पायरी चढावी लागेल. त्या 17 जणांपैकी पूर्वसूचना कुणी दिली आणि कोणत्या तारखेला? पोचक्रमांक आहे का? पंचनाम्याला शेतात माणूस आला होता का? पंचनाम्यावरची सही शेतकऱ्याचीच आहे का? एकाच दिवशी, सारख्याच पाण्याखाली गेलेल्या शेजारच्या दोन शेतांत नुकसानीची टक्केवारी वेगवेगळी का लिहिली? यातल्या एकाही प्रश्नाचं वाकडं उत्तर कागदावर सापडलं, तर तुमच्याकडे मोठी बातमी आहे. तोवर मथळा "बांधाला बांध, मग विम्यात एवढी तफावत का?" असा असता, तर विमा कंपनीला उत्तर द्यावं लागलं असतं. तुम्ही "घोटाळा" लिहिलंत आणि त्यांनी "ब्लॉगवाला आहे" म्हणून विषय संपवला. फोन करणाऱ्या जिल्हा प्रतिनिधीच्या हातातही तुम्हीच कारण दिलंत.

हे मी एवढं नेमकं बोलते, कारण याहून मोठी चूक मी केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्यानं मोजली.

2019 चा उन्हाळा. दुष्काळ जाहीर झालेला, गावोगावी टँकर सुरू. आमच्या भागातल्या एका गावातून एका माणसानं मला टँकरच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. रोज 3 खेपांची नोंद. तो म्हणाला, "ताई, गावात एकच खेप यायलीय. दोन कुठं जायल्यात बघा तुम्हीच." मी गावात गेले. दिवसभर विहिरीजवळ बसले. टँकर एकदाच आला, विहिरीत रिकामा झाला, गेला. चार घरी विचारलं, चारही घरं म्हणाली, एकच खेप. मी रात्री लिहिलं, कागदावर 3, गावात 1, आणि त्याच रात्री टाकलं. सकाळपर्यंत तालुकाभर फिरलं. पाणीपुरवठ्याच्या ठेकेदारानं दोन दिवसांत ड्रायव्हरला काढून टाकलं.

आठ दिवसांनी मला एका बाईचा फोन आला. ती त्याच ग्रामपंचायतीतल्या तांड्यावरची होती. म्हणाली, "आमच्याकडं पाणी येत होतं की. दोन खेपा येत होत्या. आता तुमच्या लिहिण्यानं नवा ड्रायव्हर तांड्याकडं वळंना झालाय." तांडा गावापासून दोन किलोमीटरवर, माळाच्या पलीकडं. मी तिकडे गेलेच नव्हते. ज्यानं फोटो पाठवला तो गावातला, ज्या चार घरी विचारलं ती गावठाणातली, आणि मी बसले होते ती विहीरही गावठाणातली. नोंदवही खरी होती. मी एकाही माणसाबद्दल खोटं लिहिलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिलं होतं. पण गाव म्हणजे गावठाण, हे मी गृहीत धरलं होतं.

मी डेस्कवर होते तेव्हा आमच्या इथं एक ज्येष्ठ उपसंपादक होते. वार्ताहर असताना त्यांचाच फोन मला रात्री साडेनऊला यायचा आणि मला त्याचा राग यायचा. तीनच प्रश्न असायचे. तू पाहिलंस का ऐकलंस? आकडा कुणाचा? समोरच्याची बाजू कुठाय? टँकरची बातमी त्यांच्या टेबलावर गेली असती तर त्यांनी नक्की विचारलं असतं की ड्रायव्हरला विचारलंस का. मी ड्रायव्हरला एक फोन केला असता तर तो म्हणाला असता, "ताई, दोन खेपा तांड्यावर टाकतो." लेख तिथंच संपला असता. ब्लॉगवर मला साडेनऊला फोन करणारं कुणी नव्हतं.

दुरुस्तीचं पुढं काय केलं तेही सांगते, कारण विश्वासार्हतेचा मोठा भाग तिथंच आहे. मी आधी तांड्यावर गेले, मग ड्रायव्हरच्या घरी. त्यानं मला पाणी दिलं, बोलला फारसं नाही. मूळ लेख मी उडवला नाही. त्याच्या डोक्यावर, पहिल्या ओळीच्या आधी, तारखेसह लिहिलं की ही बातमी चुकीची होती, काय चुकलं, कसं चुकलं आणि त्यामुळं कुणाचं नुकसान झालं. मग तेवढ्याच मोठ्या मथळ्याचा स्वतंत्र लेख टाकला आणि पहिला लेख ज्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्वतः पाठवला होता, त्या प्रत्येक ग्रुपवर दुसराही पाठवला. ठेकेदाराला लेखी पत्र दिलं. ड्रायव्हरला काम परत मिळालं, पण महिन्यानं, आणि दुसऱ्या तालुक्यात. तो लेख आजही माझ्या ब्लॉगवर तसाच आहे. नवीन वाचकाला मी स्वतःहून तो दाखवते. पेपरात दुरुस्ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, दोन ओळींत येते. तिथं जागेची अडचण असते हे मला माहीत आहे. ब्लॉगवर जागेची अडचण नाही, त्यामुळं तिथं लपवायला काही कारणही नाही.

त्यानंतर मी स्वतःसाठी डेस्क उभा केला. तुम्हीही तो उभा करा, एवढंच माझं खरं सांगणं आहे. माझ्याकडे एक निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत. त्यांना पत्रकारिता येत नाही, पण आकडा जुळला नाही की ते पुढं वाचत नाहीत. एक वकील मैत्रीण आहे, कुणाचं नाव घेऊन आरोप असेल तेवढेच लेख ती बघते. आणि ज्या गावाबद्दल लिहायचं, त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा एक माणूस मी दर वेळी शोधते. टँकरपासून ही सवय लागली. गावात कोण कुठं राहतं, कुणाची विहीर कुणाला चालते, रस्ता कोणत्या वस्तीपर्यंत येऊन थांबतो, हे आपल्याकडं बातमीच्या आतच असतं. शेवटचा नियम असा की आरोप असलेला लेख लिहिला त्या रात्री टाकायचा नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि सकाळी ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करायचा. तो बोलला नाही तर किती वाजता, किती वेळा फोन केला, हे लेखात लिहायचं.

वाचकासाठीसुद्धा हे उघडं ठेवा. मी लेखात सरळ लिहिते, हे मी पाहिलं, हे अमुक लोकांनी सांगितलं, हे कागदावर आहे, आणि हे माझं मत. शक्य तिथं कागदाचा फोटो टाकते, त्यावरचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, सह्या झाकून. दैनिकात तीनशे शब्दांत हे बसत नाही. ब्लॉगची खरी ताकद इथं आहे. तुम्हाला कसं कळलं, हे तुम्ही वाचकाला पूर्ण दाखवू शकता, मग त्याला तुमच्या कार्डावर विश्वास ठेवावाच लागत नाही. कागद त्याच्या समोर असतो.

व्हिडिओचं मात्र जपून. सप्टेंबर 2025 च्या पुरात एक पूल वाहून जातानाचा व्हिडिओ मला एका दिवसात 11 जणांनी पाठवला, प्रत्येकानं वेगळ्या नदीचं नाव सांगितलं. कुणी तेरणा, कुणी मांजरा, कुणी मन्याड. मी तो पाच-सहा वेळा थांबवून थांबवून पाहिला. शेवटच्या दोन सेकंदांत कोपऱ्यात दुकानाची पाटी होती आणि ती तेलुगूत होती. आपल्याकडचा तो नव्हताच. त्या दिवशी मी काहीच टाकलं नाही. लोक विचारत होते, तुमच्याकडं कसं काही नाही? त्यांना मी तेच सांगितलं, मिळालेला व्हिडिओ आपल्या भागातला नाही. ते सांगणंसुद्धा बातमीच होती, असं मला नंतर वाटलं.

आता दैनिकाचं. इथं मी तुम्हाला एकच उत्तर देऊ शकत नाही, ते तुमच्या कागदांवर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्हाला नेमणुकीचं पत्र आहे का? बहुतेक तालुका वार्ताहरांना नसतं. ओळखपत्र असतं आणि तहसीलदार, ठाणेदार यांच्या नावे एक पत्र असतं. पत्र असेल तर त्यात इतरत्र लिहिण्याबद्दल काय म्हटलंय ते आधी वाचा. काहीच लिखित नसेल तर फोनवर भांडू नका. जिल्हा कार्यालयाला नम्र मेल करा, की माझ्या ब्लॉगबद्दल दैनिकाचं काय धोरण आहे ते कळवावं, मी पाळेन. तोंडी धमकी लेखी धोरण होताना अनेकदा मऊ होते.

पण त्यांची बाजूही समजून घ्या. डेस्कवर असताना मला ती दिसायची. तुम्ही ब्लॉगवर काही लिहिलंत की गावात कुणी "अमक्याच्या ब्लॉगवर आलंय" असं म्हणत नाही, "अमुक पेपरचा माणूस म्हणतोय" असंच म्हणतात. तुमच्या चुकीचा जाब संपादकाला विचारला जातो आणि त्यानं तर ते वाचलेलंच नसतं. शिवाय तुम्ही त्या 17 घरी गेलात तेव्हा कोण म्हणून गेलात? दैनिकाचं नाव सांगून पासबुकं पाहिली असतील, तर ती माहिती आधी दैनिकाची होती. त्यांना न दाखवता ती ब्लॉगवर टाकणं बरोबर झालं नाही. त्यांनी नको म्हटली असेल तर गोष्ट वेगळी, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.

मी 2014 मध्ये, नोकरीत असतानाच, ब्लॉग सुरू केला होता. आधी संपादकांना जाऊन सांगितलं. त्यांनी तीन अटी घातल्या. बातमी आधी दैनिकाला द्यायची, आणि "नको" असा लेखी निरोप आल्यावरच ब्लॉगवर. ब्लॉगवर दैनिकाचं नाव, लोगो, पद काहीही नाही. आणि कार्यालयातल्या आतल्या गोष्टी नाहीत. या अटी मला योग्य वाटल्या, आजही वाटतात. वर्षभर नीट चाललं. मग एका साखर कारखान्याच्या थकीत ऊसबिलाबद्दलचा लेख दैनिकानं नाकारला, लेखी निरोपही आला. अटीप्रमाणे मी तो ब्लॉगवर टाकला. त्या कारखान्याची वर्धापनदिनाची पानभर जाहिरात होती. मला बोलावून लेख काढायला सांगितलं. मी काढला नाही आणि राजीनामा दिला. त्यात मला अभिमानापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. माझा नवरा शिक्षक आहे, 4 एकर शेती आहे, म्हणून मला ते जमलं. तुमच्या घरात दुसरं उत्पन्न नसेल तर माझी नक्कल करू नका. आठ-दहा महिने घर चालेल एवढी सोय होईपर्यंत दोन्ही ठेवा, वरच्यासारख्या अटी स्वतःहून मांडा, आणि तोवर ब्लॉगवर दैनिकाच्या बीटबाहेरचे, म्हणजे दैनिकासाठी तुम्ही ज्यांच्या बातम्या देता त्यांपलीकडचे, विषय घ्या. बारव, जुनी बाजारपेठ, तालुक्यातल्या शाळा, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे सहा महिने. आपल्याकडं लिहायला विषय कमी आहेत का?

पैशांबद्दल थोडं. ज्याची बातमी द्यायची त्याच्याकडूनच जाहिरात आणायची, ही तालुका वार्ताहराची जुनी कोंडी आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की महाराष्ट्रात एकमेकांचे स्पर्धक असलेल्या दैनिकांत उमेदवाराची स्तुती करणारा मजकूर शब्दन्‌शब्द सारखा छापला गेला होता. प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची उपसमिती नेमली, तिचा अहवाल 2010 मध्ये झाला. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर, हा शब्द तेव्हापासून आपल्या गावांतही पोचला. आज त्यात हातात चॅनेलचा माईक, म्हणजे बूम, घेऊन रेशन दुकानदाराकडं "सेटल करा" म्हणणाऱ्यांची भर पडली आहे. त्यांच्यामुळं तुमच्याकडंही संशयानं बघितलं जातं, आणि हा संशय लोकांचा दोष नाही. त्यावर मला एकच उपाय सापडला. ब्लॉगच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय की माझं घर कशावर चालतं, कुणाच्या जाहिराती घेत नाही आणि नवरा जिल्हा परिषदेचा शिक्षक असल्यानं शिक्षक बदल्यांवर मी लिहीत नाही. तुम्ही जाहिरातींचं टार्गेट पूर्ण करत असाल, तर ज्यांच्या जाहिराती आणल्या त्यांच्याबद्दल ब्लॉगवर लिहू नका, आणि लिहायचंच झालं तर जाहिरातीचं आधी सांगा.

ग्रामसेवकाच्या बोलण्याचा तुम्हाला फार राग आलेला दिसतो. राग सोडा, कारण त्या वाक्यानं तुमच्या कामाचं काही अडत नाही. आपल्या घटनेत पत्रकाराला वेगळा हक्क नाही. कलम 19(1)(अ) मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सगळ्या नागरिकांचं आहे आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्यातूनच येतं. घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच मांडलं होतं, की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळे असे काही खास हक्क नाहीत, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करायची गरज नाही. बाबासाहेबांनी स्वतः 1920 मध्ये 'मूकनायक' काढला होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं. तेव्हा दप्तर मागताना "मी पत्रकार आहे" म्हणूच नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपये शुल्क, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, 30 दिवसांची मुदत. माहिती का हवी याचं कारण सांगावं लागत नाही. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी याच वेळेत जाते, शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवते आणि आवाज चढवत नाही. माझी निम्मी कामं सोमवारी होतात.

आणि आपण कुठं राहतो ते आठवा. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर निजाम सरकारनं बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं निघायचं. पुढं याच 'मराठवाडा'चं संपादन अनंत भालेरावांनी केलं. हैदराबादेत शोएबउल्ला खान यांनी 'इमरोज' या उर्दू दैनिकातून रझाकारांविरुद्ध लिहिलं आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. यातल्या कुणाला सरकारनं पत्रकार म्हणून मान्यता द्यावी म्हणून वाट बघत बसायला वेळ नव्हता. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारनं पत्रकाराला दिलेलं मान्यतेचं कार्ड, उपयोगाची आहे, एसटी प्रवासापासून मंत्रालयाच्या प्रवेशापर्यंत तिचे फायदे आहेत, मिळाली तर घ्या. पण ती सोयीची गोष्ट आहे.

हक्क नागरिकाचे, तशी जबाबदारीही नागरिकाचीच, आणि ती ब्लॉगवर सगळी तुमच्या एकट्यावर येते. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. "मी खरं लिहिलं" एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी लिहिलं हेही दाखवावं लागतं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची आणि पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, गुन्ह्यातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. नाव टाळून गाव, शाळा, बापाचा व्यवसाय दिला तरी लहान गावात ओळख पटतेच, तिथं जिल्ह्याच्या पुढं जाऊ नका. ब्लॉगवर जाहिराती घेऊन नियमित बातम्या द्यायला लागलात, तर 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम बघून घ्या. तक्रार कुणाकडं करायची ते जाहीर करायचं, 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा, असं त्यात म्हटलं आहे. मी तर म्हणते नियम लागू असोत नसोत, तक्रारीची ही पद्धत पाळाच. आणि उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवून "भारत सरकार नोंदणीकृत" असं पानावर लिहू नका. ती व्यवसायाची नोंदणी आहे, पत्रकारितेची नाही. असं लिहिलेलं दिसलं की मी त्या पोर्टलवरची बातमी दुसरीकडून तपासल्याशिवाय घेत नाही.

तुम्ही शेवटी एक छोटा प्रश्न विचारलाय, की ब्लॉगवर नाव, फोटो, नंबर टाकू का, गावातच राहतो म्हणून भीती वाटते. भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. नाव टाकाच, टोपणनावानं आरोप करू नका. लोकांना जाब विचारायला माणूस सापडला पाहिजे. घरचा पत्ता टाकू नका, मुलांचे फोटो तर अजिबात नाही. नंबर वेगळ्या सिमचा ठेवा. चौकशीला बाहेर पडताना कुठं चाललो आणि कधी परत येणार हे घरात एकाला आणि बाहेर एकाला सांगून जा. धमकीचा फोन आला तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि विम्याच्या त्या लेखावर आजच एक ओळ टाका, की मथळ्यातला "घोटाळा" हा शब्द मागं घेत आहे, चौकशी सुरू आहे. मग त्या 17 जणांकडं परत जा आणि पूर्वसूचनेच्या तारखा घेऊन या. दोन भावांपासून सुरुवात करा. तारखा हातात आल्या की इथंच लिहा, पंचनाम्यासाठी कुणाकडं आणि कसा अर्ज करायचा ते मी बसून सांगेन.